टॅक्सीची काच आणि स्टीव्ह मॅककरी

पॅरिस, एप्रिल २०२२

जाऊ जाऊ करत आज एकदाचं स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन फोटोग्राफरचं प्रदर्शन बघून झालं. म्युझे मायोलला आहे, १२ नंबरची मेट्रो घ्यायची आणि रू द्यु बाकला उतरायचं. म्युझियम खरं तर मायोल या शिल्पकाराचं, त्याची मॉडेल होती ना दिना व्हिएर्नी, तिने १९९५ मध्ये सुरू केलेलं, पण आज पुतळे बिचारे एकटेच उभे होते, सगळी गर्दी फोटोंकडे.

दीडशेच्या वर फोटो आणि प्रिंट चांगल्या भल्यामोठ्या. १९९१ चं कुवेत, मागे तेलविहिरी जळतायत, पुढे उंट. आणि ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, तिच्यासमोर तर लाइनच होती, लोक चक्क सेल्फी घेत होते!! शरबत गुला तिचं नाव, १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला फोटो, पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आला, जगभर पोचला, आणि तिने स्वतः तो पहिल्यांदा पाहिला २००२ मध्ये. माझं मन का कोण जाणे तिथे रमलं नाही, पुढे सरकले.

अडकले ते आपल्याकडच्या फोटोंपाशी. पोरबंदरचा म्हातारा शिंपी, १९८३ चा पावसाळा, गळ्यापर्यंत पाणी, खांद्यावर गंजकं शिलाई मशीन आणि चेहऱ्यावर हसू. हसू म्हणजे काय, आता काय करणार बाबा असं हसू, आपल्याला लगेच कळतं ते. मॅककरी चार दिवस त्या घाण पाण्यात कमरेपर्यंत बुडून फिरत होता, आणि फोटो छापून आल्यावर मशीनच्या कंपनीने त्या शिंप्याला नवीन मशीन दिलं म्हणे. हे वाचून उगाच बरं वाटलं.

त्याच वर्षीचा राजस्थानचा धुळीच्या वादळाचा फोटो, लाल ओढण्यांतल्या बाया एकमेकींना चिकटून, पाठी करून उभ्या, रस्त्याच्या कामावरच्या बाया त्या. जैसलमेरकडे टॅक्सीने जाताना वादळ आलं, त्याला आधी कॅमेरा वाचवायचं सुचलं, मग खाली उतरून पळत जाऊन फोटो काढले.

आणि मग मुंबई, १९९३. पाऊस, टॅक्सीची थेंबांनी भरलेली काच, पलीकडे लाल कपड्यातली बाई, कडेवर मूल, दोघं आत बघतायत. इथे मात्र तो उतरलेला नाही, फोटो आतून आहे. आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्या काचेच्या आतल्या बाजूला मी कितीतरी वेळा बसलेय, सिग्नल सुटायची वाट बघत, मोबाइलमध्ये डोकं घालून. इथे मान फिरवायची सोयच नाही, एवढा मोठा चेहरा आणि सिग्नल सुटतच नाही. शेजारी एक फ्रेंच आजी होत्या, रंग किती सुंदर म्हणाल्या. खोटं नाही, रंग सुंदरच आहेत, पण मला तेव्हा हो म्हणता येईना, नुसती मान हलवली.

मैत्रीण म्हणाली हे सगळं गरिबी सुंदर करून विकणंच आहे, वर २०१६ चं प्रकरण काढलं, इटलीत तुरिनजवळच्या प्रदर्शनात एका प्रिंटमध्ये एडिटिंगची गडबड कुणाच्या तरी लक्षात आली आणि मग त्याच्या आणखी फोटोंतून माणसं, वस्तू गायब केलेल्या सापडल्या. तो नंतर म्हणाला मी फोटोजर्नलिस्ट नाही, चित्रांतून गोष्टी सांगणारा आहे. हे मला अजिबात पटलेलं नाही, इतकी वर्षं बातम्यांच्या मासिकांत छापून घेतलंस ना बाबा. पण विकण्याच्या मुद्द्यावर मी भांडले. शिंप्याचा फोटो काढायला तो त्याच पाण्यात उभा होता, वादळात धूळ खाल्ली, ते मी विकणं नाही म्हणणार. मुंबईच्या फोटोबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं, तो कोरडा बसून काढलाय. मैत्रीण म्हणते मग तोच सगळ्यात वाईट, मला वाटतं तोच सगळ्यात प्रामाणिक आहे, निदान काच तरी लपवलेली नाही त्याने. घरी येईपर्यंत वाद मिटला नाही, आता ती झोपलीये आणि मी अजून मुद्दे काढत बसलेय.