तिसऱ्या एपिसोडचं एकच दार

आम्ही बनवत असलेल्या ऑनलाइन गेमचा तिसरा एपिसोड सकाळी दहाला लाइव्ह झाला. दुपारी अडीचपर्यंत डॅशबोर्डवर सगळं हिरवं होतं. सर्व्हर उभे, मॅच पटापट लागतायत, क्रॅश नेहमीपेक्षा कमीच. खटकत होत्या त्या फक्त दुसऱ्यांदा खेळणाऱ्यांच्या वेळा.

गेम चौघांनी मिळून खेळायचा को-ऑप शूटर. एका एपिसोडमध्ये तीन चॅप्टर, एक चॅप्टर साधारण वीस मिनिटांचा. दुसऱ्या खेपेला रस्ता पायाखालचा झालेला असतो, त्यामुळे सरासरी वेळ उतरली तर कुणी डोळे वर करून बघत नाही. पण अशा वेळी सरासरीपेक्षा वेळा किती पसरल्या आहेत ते बघावं. आधीच्या एपिसोडला दुसऱ्या खेपेच्या दर चॅप्टरच्या वेळा १४ ते २४ मिनिटांमध्ये विखुरलेल्या होत्या. इथे जवळपास सगळ्या टीम १२ ते १३ मिनिटांत बाहेर. आलेखात टेकडीच्या जागी खिळा ठोकल्यासारखं दिसत होतं.

मग दुसऱ्या चॅप्टरमधल्या गोदामाचा हीटमॅप उघडला, म्हणजे कुठे किती गोळ्या झाडल्या गेल्या ते रंगात दाखवणारा नकाशा: लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे काहीच नाही. गोदामात शिरायला तीन वाटा: डावीकडचं शटर, मागचा जिना आणि वरची खिडकी. शत्रूंची टोळी यातल्या कुठून घुसणार ते डायरेक्टर दर मॅचच्या सुरुवातीला ठरवतो. डायरेक्टर म्हणजे मॅच चालू असताना शत्रू, गोळ्या आणि औषधं कुठे, किती टाकायची हे ठरवणारा सर्व्हरवरचा कोड. २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मुळे ही कल्पना सगळ्यांच्या तोंडी झाली. तिथेही मोहिमा मोजक्याच आणि नकाशे ठरलेले, पण कोण, कुठून, कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. ताण चढवायचा, शिखरावर थोडा धरायचा, मग उसंत द्यायची, हे चक्र खेळाडूंची अवस्था बघून फिरतं. मोजके नकाशे लोकांनी वर्षानुवर्षं खेळले ते त्यामुळे.

आमच्या हीटमॅपवर जिना लालभडक होता, शटर आणि खिडकी पूर्ण निळ्या. तिकडे कुणी एक गोळी झाडलेली नाही. चारही रीजनमध्ये, म्हणजे जगातल्या आमच्या चारही सर्व्हर-विभागांत, तेच चित्र.

कारण सापडायला चाळीस मिनिटं लागली, आणि सापडलं तेव्हा कुणालाच हसू आवरेना. रात्री एक बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, तोच चॅप्टर पुन्हा पुन्हा खेळून फ्रेम टाइम (पडद्यावरचं एक चित्र काढायला लागणारा वेळ) मोजतो. कालच्या बिल्डशी, म्हणजे गेमच्या कालच्या आवृत्तीशी, आजच्या बिल्डची तुलना करायची तर दोन्ही मॅच तंतोतंत सारख्या हव्यात, म्हणून त्या सर्व्हरच्या लाँच लाइनमध्ये, म्हणजे तो सुरू करायच्या आज्ञेत, रँडमचा सीड एका आकड्यावर बांधलेला असतो. सीड म्हणजे ज्यावरून पुढचे सगळे रँडम आकडे निघतात तो पहिला आकडा; तो सारखा तर पुढचे आकडेही सारखेच. तीच लाँच लाइन कॉपी होऊन लाइव्ह सर्व्हरवर गेली होती. म्हणजे जगभर प्रत्येक मॅचला डायरेक्टर एकच फासा टाकत होता.

आधी कुणालाच कसं दिसलं नाही? डिझायनर आपापल्या मशीनवर लोकल सर्व्हर चालवून खेळतात, तिथे सीड घड्याळावरून येतो. टेस्टिंगवाल्यांच्या यादीत ‘जिन्यावरून टोळी येते का’ असा मुद्दा होता, आणि ती येत होती. ‘कधीतरी येत नाही ना’ असा मुद्दा यादीत कोण घालतो?

दुरुस्ती सर्व्हरच्या बाजूनेच करता आली हे नशीब. क्लायंटला, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरच्या गेमला, हात लागला असता तर पॅच कन्सोलच्या सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीत, अडकून दिवस गेले असते. आधी एका रिकाम्या सर्व्हरच्या लाँच लाइनमधून सीड बांधणारा फ्लॅग काढला, बॉटकडून ५० मॅच खेळवून घेतल्या आणि लॉगमध्ये दारं मोजली. तिन्ही दारं आली. मग सगळ्यात छोट्या रीजनपासून सर्व्हर ड्रेन करायला घेतले: नवी मॅच द्यायची नाही, चालू असलेली संपू द्यायची, मग रीस्टार्ट. एपिसोड अर्ध्यावर असताना सर्व्हर मारला की चार माणसं एकदम चिडतात आणि त्यातले दोघं त्या दिवशी परत येत नाहीत.

हात घातलाच होता म्हणून दोन गोष्टी सोबत केल्या. सीड आता मॅचमेकर, म्हणजे खेळाडूंची टीम जुळवणारा कोड, दर मॅचला नव्याने काढतो आणि मॅच आयडीसोबत लॉगमध्ये लिहितो, म्हणजे बग आला की तीच मॅच जशीच्या तशी उभी करता येते. दुसरी, रँडमचे प्रवाह वेगळे केले: शत्रूंचा एक, सामानाचा एक, धूर-ठिणग्यांचा एक. सगळे एकाच प्रवाहातून आकडे उचलत असतील तर कुणी भिंतीवर गोळी मारून चार ठिणग्या उडवल्या तरी पुढची टोळी बदलते, आणि मग सीड लिहून ठेवण्यात काही अर्थ राहत नाही.

संध्याकाळी सातला हीटमॅपवर तीन रंग दिसायला लागले. आठ वाजता तक्रारी आल्या की अजून तेच दार येतंय.

यावेळी बग नव्हता. तीन दारांत चिठ्ठी टाकली तर सलग तीन मॅचला एकच दार येण्याची शक्यता नऊत एक असते. हजारो टीम खेळतायत म्हटल्यावर शेकडोंना ते दिसणारच, आणि दुपारभर जिना बघितलेल्या माणसाला ते पटवून देता येत नाही. निव्वळ रँडम माणसाला रँडम वाटत नाही, हे जुनंच दुखणं आहे. एकट्याच्या गेममध्ये उपाय सोपा: तिन्ही दारं पिशवीत टाका, पिशवी रिकामी होईपर्यंत एकेक काढा. पण इथे चौघं, प्रत्येकाचा इतिहास वेगळा, मग पिशवी कुणाची धरायची? आम्ही प्रत्येक दाराला ५ वजन दिलं आणि मागच्या मॅचला ते बघितलेल्या प्रत्येक खेळाडूमागे १ वजा केलं. चौघांनीही जिनाच बघितला असेल तर जिन्याचं वजन १, बाकीच्यांचं ५-५. पुन्हा जिना येण्याची शक्यता अकरात एक. शून्य मुद्दाम केली नाही, नाहीतर लोक तिकडे पाठ करून निवांत बसतात.

या गडबडीत रांगांचा प्रश्न मागे पडला होता. तीन एपिसोड, तीन डिफिकल्टी, चार रीजन म्हणजे ३६ रांगा. पहिल्या आठवड्यात सगळे नव्या एपिसोडवर तुटून पडतात आणि जुन्या रांगा ओस पडतात. नवा माणूस पहिल्या एपिसोडपासून सुरुवात करायला जातो आणि रिकाम्या लॉबीत बसून राहतो. मॅप-पॅक, म्हणजे नव्या नकाशांचे संच, पैशाला विकले जायचे तेव्हा शूटर गेमची वस्ती अशीच फुटायची, ज्याच्याकडे पॅक नाही तो वेगळ्या रांगेत. ‘टायटनफॉल २’ने २०१६ मध्ये नंतरचे नकाशे फुकट दिले ते याच दुखण्यावर. आम्ही तिन्ही एपिसोड एकाच शोधात आधीपासून टिक करून ठेवले, आणि ६० सेकंदांत माणसं मिळाली नाहीत तर डिफिकल्टीचा पट्टा रुंद करायचा, पिंगचा (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) नाही. वाढलेला पिंग पहिल्या चकमकीतच जाणवतो.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी सुटली नाही, कारण तिच्यासाठी क्लायंटचा पॅच लागणार होता. गोदामाच्या तोंडाशी रेडिओवर ४० सेकंदांचा संवाद आहे. गोष्ट तिथे वळण घेते, म्हणून तो संपेपर्यंत दार उघडत नाही. पहिल्यांदा लोक स्तब्ध उभे राहून ऐकतात. पाचव्या खेपेला एकमेकांच्या डोक्यावर चढून नाचतात. विसाव्या खेपेला त्या ४० सेकंदांत मॅच सोडून जातात, म्हणजे डायरेक्टरने पुढे काय रचलंय ते बघतच नाहीत. आता प्रत्येकाच्या प्रोफाइलवर तो संवाद ऐकल्याची खूण राहते. चौघांनीही ऐकला असेल तर दार ६ सेकंदांत उघडतं. एक जरी नवा असला तरी सगळे थांबतात, आणि त्याच्या नावापुढे छोटा रेडिओ दिसतो, बाकीच्यांना कळावं की कुणासाठी थांबलोय. त्याच्यावर गोळ्या झाडून गंमत करणारे निघालेच, तेव्हा त्या ४० सेकंदांपुरतं आपल्याच माणसाला गोळी लागणं बंद केलं.