मिरकरवाड्याच्या खलाशाचा गुडघा

मुंबईच्या प्रयोगशाळेतून रात्रभर प्रवास करून आलेली शीतपेटी आमच्या रत्नागिरीच्या रुग्णालयात पोहोचली, तेव्हा जुलैचा पाऊस कोसळत होता. महामार्गावर दरड आली असती तर सारे वाया गेले असते, कारण पेटीत रुग्णाच्याच गुडघ्यातील कूर्चेपासून, म्हणजे हाडाच्या टोकावरील गुळगुळीत अस्तरापासून, वाढवलेल्या जिवंत पेशी होत्या आणि त्या फार काळ टिकत नाहीत.

रुग्ण मिरकरवाडा बंदरातील ट्रॉलरवरचा तरुण खलाशी होता. ओल्या डेकवर घसरून त्याच्या मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेचा टवका उडाला होता. भोवतीची कूर्चा मात्र निरोगी होती. संपूर्ण सांधा झिजलेल्या वृद्धाला अशा पेशी भरण्याच्या उपचाराचा उपयोग होत नाही, हे मी नातेवाइकांना नेहमी स्पष्ट सांगतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती आपोआप भरून येत नाही, आणि हाडाला छिद्रे पाडून जी भर येते ती तंतुमय व कमी टिकाऊ असते. म्हणून मासेमारी बंदी सुरू होताच, जूनमध्ये, गुडघ्याच्या भार न येणाऱ्या भागातून कूर्चेचा लहान तुकडा काढून आम्ही त्यातील पेशी वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवला होता. स्वीडनमधील शल्यचिकित्सकांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचेच हे पुढचे रूप.

सपाट भांड्यात वाढताना या पेशींची संख्या वाढते, परंतु त्या आपला स्वभाव सोडून दुसऱ्याच प्रकारचे कोलॅजन, म्हणजे ऊतीला बळकटी देणारे प्रथिन, बनवू लागतात. जेलमध्ये सर्व बाजूंनी आधार मिळाला की त्या पुन्हा मूळ वळणावर येऊ लागतात. त्या सकाळी खड्ड्याच्या कडा निरोगी कूर्चेपर्यंत उभ्या कापून, तळातील हाडातून रक्त येऊ न देता, फायब्रिन या रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या जेलमध्ये मिसळलेल्या पेशी आम्ही तेथे भरल्या. जेल घट्ट झाल्यावर गुडघा अनेकदा वाकवून पाहिला. ते जागचे हलले नाही.

दुपारी त्याच्या थोरल्या भावाने विचारले, “डॉक्टर, नारळी पौर्णिमेनंतर हा बोटीवर जाईल ना?”

मी उत्तर देण्यापूर्वीच रुग्ण म्हणाला, “दादा, यंदाचा हंगाम गेला. डॉक्टरांनी तुकडा काढण्याआधीच सांगितलंय.”

सुमारे सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार टाकायचा नाही आणि हलत्या डेकवर परतायला वर्ष लागू शकते, हा हिशेब घरच्यांनी आधी मांडलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या मालकाने किनाऱ्यावर बसून जाळी विणण्याचे काम देऊ केले, म्हणूनच मी होकार दिला होता. गुडघ्याच्या हालचालीमुळे सांध्यातील द्रव नव्या पेशींपर्यंत पोहोचतो; त्यामुळे तो हलक्या हाताने कसा वाकवायचा, हे भावाने त्याच संध्याकाळी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले.