बॉनेटवरचा खळगा

रात्रभर घोंघावणारे हिमवादळ पहाटे थांबले आणि उजाडायच्या आतच वृत्तपत्राच्या कार्यालयातून फोन आला : बर्फात बुजलेल्या गाड्यांची छायाचित्रे हवीत. रस्ते बंद असल्यामुळे मी पायीच निघालो. हवामानाची छायाचित्रे काढणे हे माझ्या व्यवसायातले सर्वांत बिनघोर काम आहे, अशी तोवर माझी समजूत होती. गाड्या जागच्या हलत नाहीत आणि छायाचित्रासाठी त्यांची मनधरणीही करावी लागत नाही.

रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाड्यांचे आता नुसते उंचवटे उरले होते. वारा ज्या बाजूने आला, त्या बाजूला बर्फ काचांपर्यंत चढला होता, तर दुसऱ्या बाजूला दाराची मूठ उघडी राहिली होती. काही मालकांनी, काचेला चिकटून गोठू नयेत म्हणून, वायपर आदल्या संध्याकाळीच उभे करून ठेवले होते. त्यांची टोके बर्फातून जोडीजोडीने वर आलेली दिसत होती. एका गाडीचा फक्त बाजूचा आरसा उघडा होता आणि त्यात समोरचे झाड उतरले होते. त्या आरशासमोर मी बराच वेळ गुडघ्यावर बसून राहिलो.

बर्फाच्या बाबतीत कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हमखास फसतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो गृहीत धरतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहिल्यास शुभ्र बर्फ राखेसारखा उमटतो. म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवले होते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, तेव्हा दुसरी बॅटरी अंगाच्या उबेला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती. सूर्य वर आला, तिरप्या उन्हात बर्फावरच्या वाऱ्याच्या लहरी उठून दिसू लागल्या, आणि सावल्यांत निळ्या आकाशाचा रंग उतरला.

अशा वेळी एका गाडीच्या बॉनेटवर मला खळगा दिसला. सगळीकडे बर्फ भुरभुरीत आणि कोरडा असताना तेवढाच भाग खचला होता, त्याच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या आणि मधोमध बॉनेटचा ओला काळा पत्रा उघडा पडला होता. पांढऱ्यातला तो काळा डाग मला फार आवडला. गाडीच्या दाराकडे गेलेली पावलांची ओळ मात्र डोळ्यांना खुपत होती. ती चौकटीत येऊ नये म्हणून मी डावीकडे सरकलो, लेन्स बदलली आणि तीन छायाचित्रे घेतली.

तिसऱ्यानंतर डोळा कॅमेऱ्यापासून दूर केला, तेव्हा ती पावले मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली. ती दारापर्यंत गेली होती. परत आलेली नव्हती.

ताजा बर्फ आवाज शोषून घेतो; इंजिनाची घरघर मला अगदी जवळ गेल्यावरच ऐकू आली. बर्फ सारणाऱ्या यंत्राने रस्त्यावरचा सगळा ढीग गाडीच्या मागे लोटला होता आणि सायलेन्सर त्यात पूर्ण गाडला गेला होता. धुराला बाहेर पडायला वाट नसली की तो गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो.

मी दार ओढले, ते सुदैवाने उघडे होते. आत एक तरुण मान एका बाजूला टाकून बसला होता. मी चावी फिरवून इंजिन बंद केले आणि त्याला काखेत धरून बाहेर खेचले. थंड हवा लागताच तो कण्हू लागला. डोके फुटतेय, एवढेच म्हणाला आणि बर्फावरच ओकला. थोड्या वेळाने तुटक शब्दांत सांगू लागला, की बर्फ उपसण्याआधी गाडी जरा गरम करावी म्हणून आत बसलो होतो. दार उघडण्यापुरता बर्फ त्याने हाताने बाजूला केला होता. गाडीच्या मागे जाऊन पाहिले नव्हते. आधी मागचा बर्फ काढायचा आणि मगच चावी फिरवायची, हे थंड प्रदेशात गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, पण बोटे गारठलेली असली की माणूस आधी ऊब शोधतो. रुग्णवाहिका बर्फ सारणाऱ्या यंत्राच्या मागोमाग, पायी चालणाऱ्याच्या वेगाने आली. त्याला जागेवरच ऑक्सिजन लावला आणि घेऊन गेले. संध्याकाळी तो धोक्याबाहेर असल्याचे कळले.

बाहेरून उबदार खोलीत आणलेल्या कॅमेऱ्यावर दव साचते, म्हणून मी तो दाराबाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला होता, आणि दोन तास ती पिशवी उघडता येणार नव्हती. ते दोन तास मी टेबलावरच्या पिशवीकडे बघत बसलो. मग वेळा तपासल्या. बॉनेटचे पहिले छायाचित्र ७ वाजून ५२ मिनिटांचे होते, तिसरे ७ वाजून ५६ मिनिटांचे. कार्यालयाला मी आरशाचे छायाचित्र पाठवले. बॉनेटची तिन्ही माझ्याकडेच आहेत. एक्स्पोजर नेमके आहे, आणि इतके सरकूनही तिसऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात एका बुटाचा ठसा आलाच आहे, चवडा दाराच्या दिशेने.