दारातलं तळं

माणसांपेक्षा गाडीचा फोटो काढणं सोपं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. गाडी डोळे मिटत नाही, 'झालं का?' म्हणून दर मिनिटाला विचारत नाही, फोटो बघून 'यात मी जाड दिसतेय' असंही म्हणत नाही. उभी केली तिथे निमूट उभी राहते. मग अडचण कसली?

अडचण जागेची. एका संध्याकाळी मुद्दाम लांबवर जाऊन एक रस्ता गाठला. एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला डोंगर आणि दोन्हींच्या मधे माझी धुऊन-पुसून लख्ख केलेली गाडी. तळंही हवं, डोंगरही हवा, म्हणून २४ मिलिमीटरची वाइड, म्हणजे रुंद दृश्य मावणारी लेन्स लावली आणि मागे मागे सरकत गेलो. फोटोत डाव्या कडेला तळ्याची चिंधी आली, उजव्या कडेला डोंगराचा पाय आला, ढग तर भरपूर आले. गाडीही होती. 'चित्रात लपलेला ससा शोधा' म्हणतात ना, तशी होती.

म्हणून त्याच लेन्सने अगदी जवळ गेलो. आता गाडी फ्रेमभर झाली, पण तिचं नाक फुगलं, मागचं चाक आक्रसून गेलं आणि डोंगराची टेकडी झाली. असलाच फोटो हवा होता तर घराखालच्या पार्किंगमध्ये काढता आला असता.

यावरचा तोडगा पायात असतो, हे कळायला मला फार वेळ लागला. गाडीपासून पाच मीटरवरून ३५ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढा. मग मागे सरकत गाडीपासून पंधरा मीटरवर जाऊन १०५ मिलिमीटरच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने काढा. दोन्ही फोटोंत गाडी जवळपास तेवढीच दिसते, पण लांबचा डोंगर दुसऱ्या फोटोत तिप्पट मोठा होऊन तिच्या पाठीशी येऊन उभा राहतो. श्रेय लोक लेन्सला देतात; करामत खरी अंतराची. गाडीपासून लांब गेलात की गाडी आणि डोंगर एकमेकांच्या जवळ येतात. लेन्स फक्त नको ती कडा कापून टाकते.

उंचीचंही तसंच. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येऊन बसतं. उभ्याने फोटो काढला की क्षितिजाची रेघ नेमकी टपाच्या आसपास येते आणि गाडीची मान कापल्यासारखी दिसते. गुडघे टेकून कॅमेरा दाराच्या हँडलपाशी आणला की तीच रेघ गाडीच्या अंगामागे लपते आणि टप मोकळ्या आभाळात येतो. गुडघ्यांना खडी टोचते, पण गाडीचा रुबाब वाढतो. टपातून उगवलेला विजेचा खांब मात्र तुमचा तुम्हीच बघून टाळायचा. घरी येऊन त्याला पुसत बसण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरकणं स्वस्त पडतं. समोरचं चाक थोडं वळवून ठेवायचं, म्हणजे टायरच्या नक्षीऐवजी अलॉयचा चेहरा दिसतो.

इथवर मी जे सांगितलं ते सगळं गाडीच्या मागच्या जागेबद्दल. गंमत अशी की गाडीला आणखी एक पार्श्वभूमी असते, आणि ती असते तुमच्या पाठीमागे. गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. बोनेट आभाळ पिऊन बसतं. दाराचा फुगीर वरचा भाग आभाळ धरतो, खालचा रस्ता धरतो, आणि मधे क्षितिजाची एक रेघ हँडलाखालून सरपटत जाते. आपण समोरच्या डोंगराकडे टक लावून बसतो आणि पाठीमागची झाडं, खांब, कुणाचा तरी लाल टेम्पो हे सगळं गुपचूप दारात येऊन बसलेलं असतं. आता जागा निवडताना मी आधी गाडीकडे पाठ करून उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय.

यावर पोलरायझर नावाचा फिल्टर मिळतो. तो लेन्सवर फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चकाकी विरत जाते. मी पहिल्यांदा फिरवला तेव्हा समोरच्या काचेतलं आभाळ हळूहळू नाहीसं झालं आणि डॅशबोर्डवर पडलेली अर्धी पाण्याची बाटली आणि चुरगळलेला फडका स्वच्छ दिसू लागले. क्रोमवर त्याची मात्रा चालत नाही. शिवाय एक बाजू शांत केली की दुसरी बोलायला लागते: बोनेट निवलं की दार चमकतं. काही जण फिल्टर चार-पाच कोनांत फिरवून फोटो काढतात, ते एकत्र शिवतात आणि प्रतिबिंब नावालाही ठेवत नाहीत. मला तसल्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या वाटतात. कुठे उभी आहे हे जिच्या अंगावर दिसत नाही, ती गाडी कुठेही उभी केली तरी काय फरक पडतो?

धावत्या गाडीचं गणित आणखी वेगळं. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, याला पॅनिंग म्हणतात; जमलं तर गाडी स्पष्ट येते आणि मागच्या जागेच्या आडव्या रेघा होतात. ज्याक आँरी लार्तिग या फ्रेंच माणसाने १९१३च्या ग्राँ प्री मोटार शर्यतीत हेच करून बघितलं, तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. त्याचा हात गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही. त्यातून त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट खालून वर सरकत चित्र टिपत होती, त्यामुळे गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. गाडीचं नाक तर फ्रेमबाहेरच गेलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६३ मध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं तेव्हा जग त्याला ओळखू लागलं, आणि आज वेगाचं चित्र म्हटलं की तोच फोटो पुढे येतो. गाडी आणि जागा दोन्ही बिघडलेल्या, पण उलट दिशांना! माझे बिघडलेले पॅनिंगचे फोटो नुसतेच बिघडलेले असतात.

तर त्या संध्याकाळी सूर्य बुडाला. मी कंटाळून सामान आवरायला घेतलं होतं. उन्हाच्या कडक सावल्या गेल्या आणि आभाळ सगळीकडून सारखा, मऊ उजेड देऊ लागलं. जाता जाता एक म्हणून तळ्याकडे पाठ करून गुडघे टेकले आणि गाडीचा सरळ बाजूने फोटो घेतला. मागे काळसर होत चाललेला डोंगर.

घरी मोठ्या पडद्यावर बघितलं तर पुढच्या दारात एक वाकलेला ठिपका. तो मीच, अवघडून बसलेला, कोपर बाहेर काढून. पुसून टाकावा म्हणून चित्र मोठं करत गेलो, आणि त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, एका दारातून दुसऱ्या दारात, सबंध तळं पसरलेलं होतं, पलीकडच्या काठावरच्या झाडांसकट.