पायथन की स्काला? स्पार्कवरचा प्रवास आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

"पायथन स्लो आहे, सगळं स्कालात लिहून काढू." डेटा इंजिनिअरिंगच्या टीममध्ये हे वाक्य कधी ना कधी निघतंच. आमच्याकडे निघालं, तेव्हा आधी मोजून बघायचं ठरवलं. अपाची स्पार्क (मोठा डेटा अनेक प्रोसेसमध्ये वाटून हाताळणारं इंजिन) एकच, मशीन एकच, काम तेच. बदलायची फक्त भाषा. ही वाट तुम्हीही धरणार असाल तर पुढच्या नोंदी कामी येतील.

सोबत डेटा न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींचा घ्या. तिथलं टॅक्सी आणि लिमोझिन कमिशन तो दर महिन्याच्या पार्केट फाइलींमध्ये (डेटा कॉलमवार साठवणारा फॉरमॅट) सर्वांसाठी खुला ठेवतं. एकेका फाइलमध्ये लाखो फेऱ्या असतात: प्रवासी कुठे बसला, कुठे उतरला, किती मैल गेला, भाडं किती झालं. काम साधं ठेवलं. जेएफके विमानतळावरून, म्हणजे झोन 132 मधून निघालेल्या फेऱ्या गाळायच्या आणि उतरण्याच्या झोननुसार दर मैलाचं सरासरी भाडं काढायचं.

पहिला टप्पा डेटाफ्रेमचा, म्हणजे स्पार्कमधल्या रो-कॉलमच्या तक्त्याचा. फिल्टर, ग्रुपबाय, अ‍ॅव्हरेज, सगळं स्पार्कच्या तयार फंक्शनांनी. इथे दोन्ही भाषांच्या वेळेत दखल घ्यावी असा फरक पडत नाही, आणि त्याचं कारण 'एक्स्प्लेन' (काम कसं होणार याचा प्लॅन दाखवणारं फंक्शन) चालवलं की समोर दिसतं: दोन्हीकडचा प्लॅन सारखाच. पायथनची ओळ फक्त काय हवंय ते पाय-फोर-जे या दुव्यामार्फत जेव्हीएमला, म्हणजे स्पार्क ज्यावर चालतं त्या जावाच्या व्हर्च्युअल मशीनला, कळवते. पुढे स्पार्कचा कॅटॅलिस्ट ऑप्टिमायझर प्लॅन ठरवतो आणि डेटा जेव्हीएममध्येच फिरतो. डेटाफ्रेम 2015 मध्ये स्पार्क 1.3 सोबत आल्या, तेव्हापासून ही सोय आहे. तरीही 'पायथन स्लो' हे आरडीडीच्या (स्पार्कच्या डेटाफ्रेमआधीच्या पद्धतीच्या) काळातलं मत लोक आजही मांडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खरा घाट यूडीएफपाशी, म्हणजे आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनपाशी लागतो. दर मैलाचं भाडं काढायला साधं पायथन फंक्शन लिहिलं की प्लॅनमध्ये 'बॅचइव्हॅलपायथन' नावाची पायरी उगवते. म्हणजे प्रत्येक रो जेव्हीएममधून पिकल होऊन (पायथनच्या बाइट-स्वरूपात बदलून) शेजारच्या पायथन प्रोसेसकडे जाते, तिथे एकेक करून फंक्शन चालतं आणि उत्तर त्याच रस्त्याने परत येतं. वेळ या ये-जा करण्यातच जातो. स्कालातल्या यूडीएफला हा हेलपाटा नाही, म्हणून तो इथे सरळ पुढे निघून जातो. पण एक लक्षात ठेवा: कॅटॅलिस्टला स्काला यूडीएफच्या आतलंही काही दिसत नाही. झोनची अट यूडीएफमध्ये घातलीत, तर ती पार्केट वाचण्याच्या पायरीपर्यंत खाली ढकलली जात नाही, भाषा कुठलीही असो.

मधला रस्ता पांडाज यूडीएफचा, स्पार्क 2.3 पासूनचा. डेटा अ‍ॅरो या कॉलमवार स्वरूपात, मुळात दहा-दहा हजार रोंच्या गठ्ठ्याने जातो आणि हिशेब पूर्ण कॉलमवर एकदम होतो. स्कालाशी बरोबरी होईलच असं नाही, पण साध्या यूडीएफच्या तुलनेत जीव भांड्यात पडतो. प्लॅनमध्ये 'अ‍ॅरोइव्हॅलपायथन' दिसलं की समजा, याच रस्त्यावर आहात.

मोजताना सर्वात मोठा खड्डा 'काउंट'चा, म्हणजे रो मोजण्याचा. यूडीएफने नवा कॉलम बनवून शेवटी नुसतं काउंट केलंत, तर ऑप्टिमायझर तो न लागणारा कॉलमच काढून टाकतो. यूडीएफ चालतच नाही आणि पायथन अचानक चपळ दिसायला लागतं. स्पार्क 3.0 पासून 'नूप' नावाचा फॉरमॅट आहे, त्यात राइट करा: सगळं काम होतं आणि डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. पहिली फेरी हिशेबात धरू नका, जेव्हीएमला गरम व्हायला वेळ लागतो. 'टूपांडाज'ने सगळा डेटा ड्रायव्हरवर (जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसवर) ओढून केलेलं मोजमापही भाषेबद्दल काही सांगत नाही.

मेमरीचंही बघा. पायथनच्या प्रोसेस जेव्हीएमच्या हीपबाहेर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेमरीबाहेर राहतात. त्यांची जागा मेमरी-ओव्हरहेडमधून जाते, आणि यार्नसारख्या क्लस्टर-व्यवस्थेवर ती मुळात एक्झिक्युटर (प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस) मेमरीच्या 10 टक्के, निदान 384 एमबी एवढीच असते. कंटेनर अधूनमधून मारला जात असेल तर आधी हाच आकडा वाढवून बघा.

माझं मत स्पष्ट आहे: वेगासाठी पूर्ण पाइपलाइन स्कालात नेऊ नका. आधी प्लॅन उघडून 'बॅचइव्हॅलपायथन' आणि 'अ‍ॅरोइव्हॅलपायथन' या दोन पायऱ्या शोधा. बहुतेक यूडीएफ 'व्हेन' आणि 'अदरवाइज' या स्पार्कच्या तयार अटींमध्ये बसतात. जे बसत नाहीत ते पांडाज यूडीएफ करा. एखादं हट्टी फंक्शन उरलंच, तर तेवढंच जावाच्या यूडीएफ इंटरफेसनुसार स्कालात लिहा, त्याचा जार (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) करा आणि 'रजिस्टर जावा फंक्शन'ने पायथनमधून एसक्यूएलमध्ये वापरा. जार बनवताना क्लस्टरवरची स्कालाची आवृत्ती तपासा. स्पार्क 3.5 हे 2.12 आणि 2.13 या दोन्हींसाठी मिळतं, स्पार्क 4.0 फक्त 2.13 वर चालतं. आवृत्ती जुळली नाही, तर कंपाइल सुरळीत होतं आणि जॉब चालताना 'नो सच मेथड' एरर येते.