आमची वाटचाल : पाच वाजताचा फोन

ऑफिसांमध्ये मीटिंगसाठी व्हिडिओ कॉलची यंत्रणा बसवणं हा आमचा मूळ धंदा. तिघांची फर्म. मार्च 2020 मध्ये ऑफिसं बंद पडली, कामं थांबली आणि एका रुग्णालयातून विचारणा आली: आयसीयूत कोणालाच सोडत नाही, घरच्यांना पेशंट दाखवता येईल का? आम्हाला वाटलं, टॅबलेट आणि चाकांचा स्टँड दिला की झालं.

स्टँडचा पाय व्हेंटिलेटरच्या नळ्यांच्या आड यायचा. मग खाटेच्या कठड्याला पकडणारा हात बनवला. पण खरं छळलं ते आवाजाने. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून स्वरतंतूंमधून खाली जाते, ती असेपर्यंत पेशंटला बोलताच येत नाही. निघाल्यावरही घसा बसलेला, आवाज कुजबुजीएवढा. आमचं सॉफ्टवेअर ती कुजबुज गोंगाट समजून गाळून टाकायचं! एक मुलगी बऱ्याच दिवसांनी आईचा आवाज ऐकायला बसली होती. तिला आईचे ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. त्याच रात्री आम्ही ते गाळणं कायमचं बंद केलं. मॉनिटरचा आवाज येतो, येऊ दे.

एका गृहस्थांनी वडिलांना नळ्यांसकट अचानक पडद्यावर पाहिलं आणि कॉल बंद केला. तेव्हापासून आधी फक्त आवाज जातो. नळी कशासाठी आहे, चेहरा का सुजलाय, हे सिस्टर समजावून सांगतात आणि घरच्यांनी हो म्हटलं की मगच चित्र उघडतं. एका दुपारचं काम होतं ते. पण आजवर केलेल्या सगळ्यात मला तेच मोलाचं वाटतं.

पुढे भेटी सुरू झाल्या, तरी लांब राहणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं असतातच. त्यांना व्हिडिओपेक्षाही ठरलेली वेळ हवी असते. पाचला फोन येणार हे माहीत असलं की दिवसभर प्रत्येक रिंगला काळजात धस्स होत नाही. म्हणून उशीर होणार असेल तर सिस्टरांसाठी एक बटण दिलं: 'दुसऱ्या कामात आहोत, तब्येत सकाळसारखीच आहे.' खरोखर तसं असेल तेव्हाच दाबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

सध्या आयसीयू डायरीचं काम चालू आहे. 1980 च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी ही पद्धत रुजवली. गुंगीच्या औषधांमुळे पेशंटला ते दिवस आठवत नाहीत, कधी भ्रमात दिसलेलंच खरं वाटत राहतं. म्हणून सिस्टर आणि घरचे रोज दोन ओळी लिहून ठेवतात. आमच्या पहिल्या डायरीत एका सिस्टरांनी लिहिलंय: 'आज तुम्ही माझं बोट धरलंत. मी लगेच सोडवून घेतलं नाही.'