स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप बसवताना : माझा अनुभव

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नव्हती. त्या प्रकारात आणि १० मीटर एअर रायफलमध्येही बारीक छिद्राच्या पीप साइटमधूनच नेम धरावा लागतो. त्यामुळे आपल्याकडच्या रेंजवर तयार झालेल्या नेमबाजांना स्कोपविषयी विचारले तर फारसे काही हाती लागत नाही, आणि विक्रेते जे सांगतात ते बहुतेक वेळा काडतुसाच्या बंदुकीच्या स्कोपविषयी असते. माझी रायफल या दोन्हींत बसणारी नव्हती. नळी खाली दुमडून स्प्रिंग चढवायची, पॉइंट १७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची (नळीच्या भोकाची), छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत राहणारी ही साधी एअर रायफल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या मर्यादेतल्या रायफलीला परवाना लागत नाही, खरेदीच्या वेळी ओळखपत्र दाखवावे लागते. चिपळूणजवळच्या आमच्या परसात जांभ्याच्या गडग्यापुढे वाळूच्या गोण्या रचून मी वीस मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर सराव करतो. पाखरांवर नेम धरण्याचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तसा नसता तरी मी तो धरला नसता.

स्प्रिंगची रायफल दिसायला गरीब असली तरी स्कोपच्या बाबतीत मोठ्या बंदुकीपेक्षा खाष्ट असते, याचे कारण तिच्या धक्क्यात आहे. बंदूक फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल आधी मागे सरकते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी येऊन थांबला की तीच रायफल हिसक्यासरशी पुढे जाते. मागे जाणारा धक्का सोसण्यासाठी बनवलेल्या स्कोपची आतली भिंगे आणि क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा, या उलट्या हिसक्याने ढिली होतात. म्हणून खोक्यावर ‘एअरगनसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच स्कोप घ्यायचा, ही माझी पहिली अट होती.

दुकानदाराचा रोख पटींवर, म्हणजे चित्र किती पट मोठे दिसते यावर, होता. “साहेब, चोवीस पटींचा घ्या, चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतील,” असे त्यांनी मोठ्या आत्मीयतेने सांगितले. मला चंद्रावर नेम धरायचा नव्हता. वीस मीटरवर नऊ पटी पुरून उरतात आणि त्याहून जास्त पटींत स्वतःच्या नाडीचे ठोकेसुद्धा क्रॉसहेअरवर नाचताना दिसतात. शिवाय पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी इतक्याच जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. चाळीस मिलिमीटरच्या भिंगातून नऊ पटींवर तो साधारण साडेचार मिलिमीटरचा असतो, चोवीस पटींवर दोन मिलिमीटरही राहत नाही, आणि मग डोळा केसभर हलला की चित्र काळे पडते.

पटींपेक्षा मला पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याची, चिंता जास्त होती. बंदुकीचे स्कोप सहसा शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवून बंद केलेले असतात. तसा चाळीस मिलिमीटर भिंगाचा स्कोप वीस मीटरवर वापरला आणि डोळा मध्यापासून पार कडेला गेला, तर हिशेबाने साधारण १५ मिलिमीटरपर्यंत नेम चुकू शकतो. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यासाठी ही चूक भलतीच मोठी आहे. त्यामुळे पुढच्या भिंगाचे कडे फिरवून दहा मीटरपर्यंत जुळवता येईल असा ३-९×४० (तीन ते नऊ पटी, चाळीस मिलिमीटरचे भिंग) स्कोप मी घेतला. त्याची किंमत रायफलीच्या जवळजवळ निम्मी होती, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा माऊंट निवडताना रायफलीवरची खाच पाहणे आवश्यक असते. माझ्या रायफलीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल आहे. बंदुकीवरच्या रुंद पिकाटिनी पट्टीचे माऊंट तिच्यावर बसत नाहीत. दोन सुट्या रिंगांपेक्षा मी अखंड माऊंट घेतला, कारण त्याची पकड लांबवर विभागली जाते. रायफल पुढे हिसकली की स्कोप जडत्वाने मागे राहू पाहतो आणि माऊंट खाचेतून हळूहळू मागे सरकतो. त्याला अडवण्यासाठी माऊंटखाली एक बारीक पिन असते, ती रायफलीवरच्या भोकात उतरवावी लागते. ही पिन नसलेला माऊंट कितीही आवळला तरी सरकतो, म्हणून अशा स्वस्त माऊंटाच्या वाटेला कुणी जाऊ नये.

बसवण्याच्या कामी शेजारचे नाना सोबत होते. त्यांची हयात पुण्यातल्या एका कारखान्यात लेथवर गेली असल्याने स्क्रू कसा आवळावा याविषयी त्यांचा शब्द मी प्रमाण मानतो.

“नाना, माझ्याकडे टॉर्कचा पाना नाही.”

“मग अॅलन कीची लांब बाजू स्क्रूत घाल आणि आखूड बाजू दोन बोटांत धर. लांब दांडा हातात आला की माणूस उगाच जोर करतो आणि स्कोपची नळी चेपते.”

आम्ही रिंगांच्या वरच्या टोप्या सैल ठेवल्या. मी डोळे मिटून दस्त्याला गाल टेकवायचो, सवयीने डोके जिथे स्थिरावेल तिथे डोळे उघडायचो, आणि नऊ पटींवर पूर्ण गोल, काळ्या कडेशिवाय दिसेपर्यंत नाना स्कोप पुढेमागे सरकवत राहायचे. डोळा आणि मागचे भिंग यांत आठ-नऊ सेंटीमीटर अंतर राहिले. नंतर पडवीच्या वाशाला ओळंबा बांधून त्याच्या दोरीशी क्रॉसहेअरची उभी रेघ जुळवली. त्याआधी रायफल सरळ आहे ना, हे माऊंटच्या सपाट भागावर छोटी लेव्हल ठेवून पाहावे लागते. नाहीतर स्कोप ओळंब्यात आणि रायफल तिरपी, असा प्रकार होतो आणि अंतर बदलले की छरे एका बाजूला भरकटतात. चारही स्क्रू आळीपाळीने, कर्णरेषेत, थोडे थोडे आवळत दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राखल्या. शेवटी आकाशाकडे स्कोप धरून मागचे कडे फिरवले आणि क्रॉसहेअर रेखीव केली. हे करताना एकदोन सेकंदच पाहून नजर काढावी, कारण जास्त वेळ पाहिले की डोळाच अंधूक रेघेशी जुळवून घेतो. सूर्याच्या आसपास मात्र स्कोप चुकूनही वळवू नये.

झिरोइंग, म्हणजे छरा नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप जुळवणे, दहा मीटरपासून सुरू केले. तिथे छरे कागदावर येत आहेत याची खात्री झाल्यावर वीस मीटरवर गेलो, तर पाच छऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) लहान होता, पण मध्यापासून सहा सेंटीमीटर खाली. नळी दुमडणाऱ्या रायफलींत हा दोष सर्रास आढळतो. नळी खाचेच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. स्कोपवरची, नेम वर-खाली करणारी कळ शेवटपर्यंत फिरवून ही भरपाई करता आली असती, पण तसे केल्यास आतली छोटी स्प्रिंग पार सैलावते आणि प्रत्येक धक्क्याला क्रॉसहेअरची जागा बदलू लागते. नानांनी जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची एक पट्टी कापून मागच्या रिंगेच्या तळाशी, स्कोपच्या नळीखाली ठेवली. फिल्म साधारण ०.१५ मिलिमीटर जाड, दोन रिंगांतले अंतर दहा सेंटीमीटर, म्हणजे वीस मीटरवर तीन सेंटीमीटरचा फरक पडायला हवा, आणि तो तेवढाच पडला. त्याहून जाड थर घातला असता तर स्कोपची नळी वाकली असती. उरलेले तीन सेंटीमीटर कळीने काढले. कळीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक वीस मीटरवर दीड मिलिमीटरही सरकत नाही, त्यामुळे वीसेक क्लिक लागल्या.

ग्रुप लहान येण्याचे श्रेय मी स्कोपपेक्षा पकडीला देईन. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून किंवा कठीण टेकूवर ठेवून मारली की छरे दरवेळी वेगळीकडे जातात. उघड्या तळहातावर तिला सैल ठेवून तिचा तो दुहेरी हिसका तिला पुरा करू द्यावा लागतो. छरा न भरता चाप ओढणे तर पूर्ण वर्ज्य, कारण हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट टोकावर आदळतो आणि तो तडाखा स्प्रिंगलाही बसतो, स्कोपलाही.

निगराणीत कोकणातला खरा शत्रू बुरशी आहे. स्कोपमध्ये नायट्रोजन भरलेला असल्याने आत बाष्प धरत नाही, परंतु बाहेरच्या भिंगावर पावसाळ्यात बुरशीचे जाळे धरू शकते आणि ते भिंगावरचा थर खाते. कापडी किंवा चामड्याचे पाकीट ओल शोषते, म्हणून जून ते सप्टेंबर मी रायफल स्कोपसकट हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, निळ्या सिलिका जेलसह ठेवतो. खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करतो. भिंग पुसण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ कुंचला, आणि डाग उरलाच तर भिंगाच्या द्रवाने किंचित ओला केलेला मायक्रोफायबर. सदऱ्याच्या टोकाने पुसलेल्या भिंगावर धुळीचे कण ओरखडे पाडतात. खंडेनवमीला रायफल पूजेला मांडतो तेव्हाही हळदकुंकू दस्त्यालाच लावावे, असे मी घरी सांगून ठेवले आहे.

स्क्रूंवर मुलीच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आहे, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धी रिंगेवर. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. छऱ्यांचा पहिला डबा संपत आला तेव्हा पुढच्या रिंगेवरची एक रेघ अशी तुटली. तो स्क्रू आवळून नवी रेघ ओढली आणि झिरो पुन्हा तपासला. पावसाळ्यानंतरही पहिले पाच छरे मी फक्त तपासणीसाठी मारतो, आणि ग्रुप हललेला दिसला तर कळीला हात लावण्याआधी या रेघा पाहतो.